शिक्षेच्या अपिलात गुन्ह्याचं गांभीर्य सिद्ध कसं करायचं: मराठवाड्यातल्या नव्या वकिलांसाठी

उच्च न्यायालयाच्या खंडपीठात शिक्षेच्या मुद्द्यावर मी पहिल्यांदा उभा राहिलो तो सरकारी बाजूने, आणि तेही ऐनवेळी. सिनियर दुसऱ्या कोर्टात अडकले होते. खुनाच्या प्रयत्नात जन्मठेप झालेली, आरोपीचं अपील, दोषसिद्धीवरचा युक्तिवाद आदल्या दिवशी आटोपलेला. उरली होती फक्त शिक्षा. मी सुरुवात केली: गुन्हा अत्यंत क्रूर आहे, निर्घृण आहे, माणुसकीला काळिमा फासणारा आहे. न्यायमूर्तींनी तीन वाक्यं ऐकून घेतली आणि एकच शब्द विचारला, "पेज?"

माझ्यापुढे चारशे पानांचं पेपरबुक (खालच्या कोर्टातल्या कागदांचं बाड) होतं आणि 'निर्घृण' त्यातल्या कुठल्या पानावर आहे ते मला सांगता आलं नाही. जखमा होत्या, वार मोजलेले होते, पण डॉक्टरांच्या जबाबात त्यातलं काय आलं आणि काय नाही हे मी पाहिलंच नव्हतं. शिक्षा दहा वर्षांवर आली.

बारमध्ये ज्याला आपण 'ॲग्रॅव्हेटिंग' म्हणतो, म्हणजे शिक्षा वाढवणारी किंवा टिकवणारी परिस्थिती, तिचं सगळं दुखणं या एका प्रश्नात आहे. बीड, जालना, हिंगोलीच्या सत्र न्यायालयात जे रेकॉर्डवर आलं नाही, ते खंडपीठात बहुतेक वेळा आणता येत नाही. म्हणून हा लेख अपिलाचा असला तरी त्यातला निम्मा भाग खालच्या कोर्टातल्या कामाबद्दल आहे.

आधी आपण कुठल्या दारातून आत आलोय ते पाहा

कठोर शिक्षेचं प्रकरण उच्च न्यायालयात तीन वाटांनी येतं आणि प्रत्येक वाटेवर मागता येणारी गोष्ट वेगळी.

आरोपीने स्वतः केलेलं अपील: फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम ३७४, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४१५. इथे राज्य प्रतिवादी असतं आणि त्याचं काम आहे ती शिक्षा राखणं एवढंच. न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, तिचं स्वरूप बदलू शकतं, वाढवू शकत नाही (जुनं ३८६, नवं ४२७). तरीही दर दोन-तीन महिन्यांनी एखादा नवा वकील आरोपीच्याच अपिलात उभा राहून "शिक्षा वाढवून मिळावी" म्हणतो आणि खाली बसवला जातो.

वाढच हवी असेल तर राज्याने स्वतंत्र अपील करायला हवं: जुनं ३७७, नवं ४१८. दंडाधिकाऱ्यांनी दिलेली शिक्षा असेल तर सत्र न्यायालयात, सत्र न्यायालयाची असेल तर उच्च न्यायालयात. शिक्षा का वाढवू नये हे सांगायची संधी आरोपीला द्यावीच लागते. शिवाय त्याच सुनावणीत तो निर्दोष सुटका किंवा शिक्षेत कपातही मागू शकतो. दोषसिद्धीचा पाया कच्चा असेल तर वाढ मागायला जाऊन हातची शिक्षाही गमावाल. हे अपील करण्याचा सल्ला देण्याआधी मी निदान दोनदा विचार करतो.

तिसरी वाट फाशीची. सत्र न्यायालयाने फाशी दिली की शिक्षा कायम करण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयाकडे जातंच (जुनं ३६६, नवं ४०७), आरोपीने अपील केलं असो वा नसो. तिथे सगळा पुरावा नव्याने तपासला जातो.

बळीच्या कुटुंबाला शिक्षा कमी पडली म्हणून स्वतः अपील करता येत नाही. निर्दोष सुटका, कमी गंभीर कलमाखाली दोषसिद्धी किंवा अपुरी भरपाई एवढ्यासाठीच त्यांचं अपील चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने परविंदर कन्सल प्रकरणात २०२० मध्ये सांगितलं. कुटुंबाने सरकारी वकिलांमार्फत राज्याकडे ४१८ खालच्या अपिलाची मागणी लावून धरायची, तीही वेळेत. मात्र अट्रॉसिटीच्या प्रकरणात एक हत्यार आहे जे आपल्याकडे फार कमी वापरलं जातं. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातल्या कलम १५ अ (५) प्रमाणे पीडित किंवा अवलंबिताला शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकून घेतलं जाण्याचा आणि लेखी म्हणणं देण्याचा हक्क आहे. जबाबापुरतं बोलावून घरी पाठवलेल्या कुटुंबांना हे कुणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप हीच किमान शिक्षा आहे. त्यामुळे साध्या जन्मठेपेविरुद्धच्या अपिलात 'शिक्षा जास्त झाली' हा मुद्दाच उरत नाही, वाद कलम बदलण्याचा होतो. गांभीर्याचा युक्तिवाद खरा कामाला येतो तो फाशीत, जिथे कमाल-किमान यांत अंतर आहे त्या कलमांत, आणि उच्च न्यायालय वीस, पंचवीस, तीस वर्षं सवलतीविना (म्हणजे मुदतीआधी सुटका नाही) अशी शिक्षा ठरवतं तिथे. ही शेवटची मुभा स्वामी श्रद्धानंद (२००८) प्रकरणातून आली आणि श्रीहरन (२०१५) प्रकरणाने ती उच्च व सर्वोच्च न्यायालयापुरती ठेवली. सत्र न्यायाधीशांनी खुनाच्या कलमाखाली स्वतःहून 'नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंत, सवलत नाही' असं लिहिलं असेल तर ते वाक्य अपिलात टिकत नाही.

विशेषणं खोडा, तक्ता करा

कागद आडवा धरा, चार रकाने पाडा. पहिल्यात घटना, दुसऱ्यात साक्षीदार किंवा निशाणी (कोर्टाने पुराव्याच्या कागदाला दिलेला) क्रमांक, तिसऱ्यात पेपरबुकचं पान, चौथ्यात त्या मुद्द्यावर उलटतपासात काय झालं. पहिल्या रकान्यात विशेषण लिहायचं नाही. 'क्रूरपणे मारलं' लिहू नका. 'जमिनीवर पडल्यावर डोक्यावर आणखी तीन वार' लिहा. ज्या ओळीचा तिसरा रकाना रिकामा राहतो ती ओळ तोंडातून काढायची नाही, कितीही मोह झाला तरी.

आरोपीला ती बाब विचारली होती का, हेही बघा. जुन्या ३१३ किंवा नव्या ३५१ खालच्या जबाबात जी परिस्थिती आरोपीपुढे ठेवलीच नाही, तिच्यावर जोर दिला की बचावपक्ष तिथेच पकडतो.

जखमा: सतरावा रकाना आणि न विचारलेले प्रश्न

आपल्याकडच्या शवविच्छेदनाच्या छापील नमुन्यात बाहेरच्या जखमा सतराव्या रकान्यात येतात. सरतपासात (आपल्याच साक्षीदाराच्या पहिल्या तपासणीत) सरकारी वकील डॉक्टरांना विचारतात, "सतराव्या रकान्यातल्या जखमा तुम्ही पाहिल्या? त्या मृत्यूपूर्वीच्या आहेत? मृत्यूला पुरेशा आहेत?" डॉक्टर 'होय' म्हणतात आणि खुर्ची रिकामी होते. दोषसिद्धीला एवढं पुरतं, शिक्षेला नाही.

शिक्षेसाठी वेगळं विचारावं लागतं. कुठली जखम आधीची, कुठली नंतरची, सांगता येतं का? हाताच्या तळव्यावर किंवा कोपराखाली वार अडवल्याच्या खुणा आहेत का? असतील तर माणूस शुद्धीवर होता, वाचण्याची धडपड करत होता. एखादी जखम मृत्यूनंतरची आहे का? इथे बरेच जण फसतात. बावीस जखमांतल्या पंधरा मृत्यूनंतरच्या निघाल्या, तर तो प्रेताच्या विटंबनेचा मुद्दा होतो, यातनेचा नाही. दोन्ही गंभीर आहेत, पण 'हाल हाल करून मारलं' हे वाक्य त्या पंधरा जखमांवर उभं राहत नाही आणि बचावाचा चांगला वकील ते दोन मिनिटांत मोडतो.

जखमा मोजून दाखवण्यापेक्षा त्यांचा क्रम सांगता आला तर न्यायालय लिहून घेतं.

पूर्वनियोजन आणि कोयता

हत्यार घरून आणलं म्हणजे कट होता, असं निकालपत्रात लिहिलेलं मी अनेकदा वाचलंय. धारूर, वडवणी, केजकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरात कोयता असतोच, छपराच्या वळचणीला खोवलेला. भांडणात हाताला लागला आणि चालवला, याला पूर्वनियोजन म्हणत नाहीत. तोच कोयता कपड्यात गुंडाळून दुचाकीच्या डिकीत ठेवला, बारा किलोमीटर नेला, बांधावर तासभर वाट पाहिली, तर गोष्ट वेगळी. त्या तासाचा पुरावा कुठे आहे?

बहुतेक वेळा तो मोबाइलच्या कॉल तपशिलात, टॉवर लोकेशनमध्ये किंवा नाक्यावरच्या कॅमेऱ्यात असतो. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं: जुन्या पुरावा कायद्याचं ६५ ब, नव्या साक्ष अधिनियमाचं ६३. या प्रमाणपत्राचा देशभरचा वाद मिटला तो आपल्याच जालन्यामुळे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेली अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल ही लढाई सर्वोच्च न्यायालयात गेली आणि जुलै २०२० मध्ये निकाल लागला की प्रमाणपत्र बंधनकारक आहे, मात्र खटला संपण्याआधी ते मागवून दाखल करता येतं. 'संपण्याआधी' या शब्दाखाली लाल रेघ मारा. अपिलात आल्यावर हे प्रमाणपत्र देणाऱ्या मोबाइल कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला शोधत बसण्यात अर्थ नसतो.

हेतूचं थोडक्यात. बांधाचा वाद, पैसा, संशय हे सगळं हेतूत येतं आणि ते आधीच दोषसिद्धीसाठी वापरलेलं असतं. भाडोत्री मारेकरी किंवा विम्याच्या पैशासाठी खून असं काही सिद्ध झालं असेल तरच शिक्षेच्या वेळी ते पुन्हा काढा.

बळी कोण होता: १ जूनची मुलं

मच्छी सिंग प्रकरणात (१९८३) सर्वोच्च न्यायालयाने जी पाच अंगं मांडली, त्यांत बळी कोण होता हेही एक आहे: लहान मूल, असहाय स्त्री, म्हातारा, आरोपीवर विश्वास टाकलेला माणूस. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) प्रकरणात बाराच्या आतलं वय सिद्ध झालं तर कलम ५ (म) लागतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान वीस वर्षं होतात. सगळी इमारत एका तारखेवर.

आणि आपल्याकडे अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं असतं. शाळेत घालताना गुरुजींनी तारीख टाकलेली, आईबापांनी मान डोलावलेली. जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक रजिस्टर काखेत धरून साक्षीला येतात. सरतपासात नोंद वाचतात. उलटतपासात पहिला प्रश्न: "ही तारीख कुठल्या कागदावरून लिहिली?" उत्तर: "मी तेव्हा या शाळेवर नव्हतो." दुसरा प्रश्न बचावाला विचारावाच लागत नाही.

बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ चा क्रम पाळा. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका यांचा जन्मदाखला. काहीच नसेल तर हाडांची तपासणी. शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी, या यादीत बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पी. युवप्रकाश प्रकरणात स्पष्ट केलं. माझा सल्ला: शाळेच्या कागदाबरोबर ग्रामपंचायतीचा किंवा प्रसूती झालेल्या आरोग्य केंद्राचा कागदही लावा आणि आईच्या जबाबात तारखेची हकीकत येऊ द्या, धाकटा कधी झाला, थोरली तेव्हा कितवीत होती. आईचं गणित कागदापेक्षा पक्कं असतं.

एक सावधगिरी. बाराच्या आतल्या वयामुळेच किमान वीस वर्षं आली असतील, तर तेच वय पुन्हा वापरून कमाल शिक्षेकडे जाऊ नका. वर जायचं तर वेगळी बाब दाखवा: नात्याचा गैरफायदा, वारंवार अत्याचार, झालेली इजा.

अट्रॉसिटीत कलम ३ (२) (५) लावायचं तर फिर्यादीचं जात प्रमाणपत्र रेकॉर्डवर आणि आरोपीला जात माहीत होती याचा पुरावा, दोन्ही हवं. २०१६ पासून 'माहीत असताना' हा शब्द आहे, त्यामुळे एकाच गावात पिढ्यान् पिढ्या राहणं हा चांगला पुरावा होतो, पण तो कुणीतरी साक्षीत सांगावा लागतो.

पूर्वीचे गुन्हे: अकरातून शून्य

पोलीस ठाण्यातून एक तक्ता येतो, गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, सद्यस्थिती. एका प्रकरणात त्यावर अकरा गुन्हे होते आणि शिक्षेच्या वेळी सरकारी वकिलांनी "आरोपी सराईत आहे" असं म्हणून तो फक्त पुढे केला होता. मी एकेक ओळ तपासली. सात न्यायप्रविष्ट. तीन निर्दोष. एक चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेण्याची प्रतिबंधक कारवाई. शिक्षेच्या उपयोगाचं: काही नाही.

नुसत्या प्रलंबित खटल्यांवरून शिक्षा ठरवता येत नाही, हे राजेंद्र प्रल्हादराव वासनिक या महाराष्ट्राच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. तडीपारी हा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालचा प्रशासकीय आदेश आहे, दोषसिद्धी नव्हे. मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) लावताना दहा वर्षांतली एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं मोजली जातात म्हणून काहींचा गोंधळ होतो. ती कायदा लागू होण्याची अट आहे, शिक्षेचं माप नाही. अल्पवयात झालेल्या कारवाईलाही हात लावू नका.

दोषसिद्धी खरोखर असेल तर ती सिद्ध करायची रीत जुन्या २९८, नव्या ३३४ मध्ये दिली आहे: त्या कोर्टाच्या अभिलेखातली प्रमाणित नक्कल, किंवा कारागृह अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र, किंवा वॉरंट. त्यासोबत ओळखीचा पुरावा, हा भाग सगळे विसरतात. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, बापाचंही नाव तेच असलेले दोघे सापडतात. तेव्हा पकडणारा पोलीस किंवा तुरुंगातला कर्मचारी साक्षीला आणा, बोटांचे ठसे असतील तर उत्तम. आणि ती शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली नाही ना, हे त्या जिल्ह्याच्या कोर्टात फोन करून विचारून घ्या. कायद्याने वाढीव शिक्षेसाठी पूर्वदोषसिद्धी वापरायची असेल तर ती दोषारोपातच नमूद करायची असते.

मोर्चे, बंद, कँडल मार्च हे यात कुठेच बसत नाहीत. लोकांचा संताप खरा असतो, पण तो आरोपीच्या खात्यावर मांडता येत नाही.

सुधारणार नाही, हेही राज्यानेच सिद्ध करायचं

फाशी टिकवायची असेल तर इथे सगळ्यात जास्त घाम गाळा. बचन सिंग (१९८०) निकालात घटनापीठाने गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही तोलायला सांगितलं. आरोपी समाजाला पुढेही धोका राहील आणि सुधारण्याची शक्यता नाही, हे राज्याने पुराव्याने दाखवायचं, असंही त्यात आहे. बरियार विरुद्ध महाराष्ट्र (२००९) मध्ये ते पुन्हा ठासून सांगितलं गेलं. तरी गेली पंचेचाळीस वर्षं जिल्ह्यातल्या निकालपत्रांत शिक्षेचा परिच्छेद असाच वाचायला मिळतो: 'आरोपी म्हणतो, घरी म्हातारे आईवडील आहेत, लहान मुलं आहेत. सरकारी वकिलांनी कमाल शिक्षेची मागणी केली.' बस्स.

मनोज विरुद्ध मध्य प्रदेश (२०२२) नंतर हे चालत नाही. फाशीच्या प्रकरणात मानसोपचार आणि मानसशास्त्रीय मूल्यमापन राज्याने सत्र न्यायालयासमोर ठेवायचं, तेही शक्यतो आधीच जमवून. बालपण, घरची परिस्थिती, शिक्षण, कमाई, पूर्वइतिहास, मानसिक आजार याची माहिती, जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल, तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल. प्रकरण हर्सूल कारागृहातल्या आरोपीचं असेल तर तिथल्या अधीक्षकांना पत्र निकालानंतर नव्हे, युक्तिवाद सुरू होतानाच जायला हवं. हे कागद कधीकधी आपल्याविरुद्धच जातात, आरोपी तुरुंगात दहावी पास झालेला निघतो. तरी ते दडवायचे नाहीत. लपवलेला अहवाल बचावाने मागवला की तुमच्या इतर म्हणण्यावरचाही विश्वास जातो.

सत्र न्यायालयात दोषी ठरवल्यावर शिक्षेवर ऐकण्यासाठी (जुनं २३५(२), नवं २५८(२)) तारीख मागून घ्या आणि पुरसीससोबत (कोर्टाला दिलेल्या लेखी निवेदनासोबत) कागद दाखल करा. तोंडी एक वाक्य बोललात तर रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, एक वाक्यच राहतं.

अपिलात काही राहून गेलं असेल तर

अतिरिक्त पुराव्याचं कलम आहे, जुनं ३९१, नवं ४३२. फाशीच्या प्रकरणात जुनं ३६७, नवं ४०८. न्यायालय स्वतः पुरावा घेतं किंवा खालच्या कोर्टाला घ्यायला सांगतं, आरोपी किंवा त्याचा वकील हजर असतो, कारणं लिहावी लागतात. पूर्वदोषसिद्धीची प्रमाणित नक्कल किंवा तुरुंगाचा अहवाल असा कागद सहसा मान्य होतो. सरतपासात डॉक्टरांना न विचारलेला प्रश्न आता विचारायला परवानगी द्या म्हटलं, तर ती उणीव भरून काढण्याची धडपड समजली जाते, आणि मला वाटतं ते बरोबरच आहे.

१ जुलै २०२४ ला, म्हणजे नवी संहिता लागू झाली त्या दिवशी, प्रलंबित असलेली अपिलं जुन्या संहितेनेच चालतात, हे अर्जाच्या मथळ्यात चुकवू नका. कार्यालयीन आक्षेप लागतो आणि आठवडा जातो.

मुदतीचं शेवटी सांगतो, कारण सगळं तिथेच सांडतं. फाशीविरुद्ध आरोपीच्या अपिलाला ३० दिवस, इतर शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवस, राज्याच्या शिक्षावाढीच्या अपिलालाही ६०. नकलेसाठी लागलेले दिवस यातून वजा होतात, पण अर्ज दिल्यापासूनचेच. म्हणून निकाल जाहीर झाला की कोर्टहॉलमधून बाहेर पडून आधी नक्कल विभागाच्या खिडकीवर जा, अर्ज टाका, पावतीवरची तारीख डोळ्यांनी बघा, आणि मग चहाला. राज्याच्या अपिलाचा प्रस्ताव जिल्ह्यातून मंत्रालयात आणि तिथून खंडपीठातल्या सरकारी वकील कार्यालयात यायला वेळ लागतोच. त्यात नक्कल पंधरा दिवस उशिरा मागितलेली असेल, तर पहिली सुनावणी शिक्षेवर होत नाही, विलंबमाफीच्या अर्जावर होते.